गुणायचं की भागायचं?

संध्याकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. लांबणार आहे. कंटाळा आला तर खुशाल पुढे सरका, मी रागावणार नाही. (आज कदाचित रागावेनही.)

भाचा चौथीत आहे. गणिताची वही घेऊन शेजारी येऊन बसला. उदाहरण असं होतं : ८ मुलांना प्रत्येकी ६ वह्या वाटल्या, तर एकूण किती वह्या वाटल्या? त्याखाली सुवाच्य अक्षरात, समास सोडून, पट्टीने रेघ मारून त्याने लिहिलं होतं : ८ ÷ ६. भागाकार १, बाकी २. उत्तर : १ वही वाटली, २ वह्या उरल्या.

आठ मुलांत मिळून एक वही!

"असं कसं रे?" म्हटलं, तर त्याने वहीचा पुठ्ठा उलटला. आतल्या बाजूला एक रंगीत कागद चिकटवलेला. डावीकडे शब्द, उजवीकडे चिन्ह. एकूण, सगळे मिळून, पट : गुणाकार. वाटले, समान, प्रत्येकी : भागाकार. आणि वर ठळक अक्षरात 'शाब्दिक उदाहरणांची सोपी युक्ती'. त्याने मला शांतपणे समजावलं, "आत्या, यात 'वाटल्या' आहे आणि 'प्रत्येकी' पण आहे. 'एकूण' एकदाच आहे. म्हणून भागाकार."

दोन विरुद्ध एक. बहुमताने भागाकार.

मला हसू आलं आणि लगेच संताप आला. पोरगं मठ्ठ नाही हो. दिलेला नियम त्याने तंतोतंत पाळला होता. आपणच त्याला असा नियम दिलाय की तो पाळायला उदाहरण वाचावंच लागत नाही. शब्द हुडका, चिन्ह लावा, रेघ मारा, मोकळे व्हा. आणि वर आपणच गळा काढायचा, की हल्लीची मुलं विचारच करत नाहीत. त्यांनी विचार करू नये याची तजवीज पुठ्ठ्याच्या आत कोणी चिकटवली?

आता माझं ऐका. कारण मी काही फार वेगळी नव्हते.

तिसरी-चौथीत मी माझी स्वतःची एक युक्ती काढली होती, आणि ती मी कोणालाही सांगितली नव्हती. उदाहरणात एक आकडा मोठा आणि एक लहान दिसला, की गुपचूप कच्च्या पानावर भागून बघायचं. बाकी शून्य आली, तर भागाकारच असणार, कारण उदाहरण लिहिणाऱ्याने आकडे मुद्दाम तसे निवडलेत. बाकी उरली, तर गुणाकार. मग वाचायची गरज काय? दोन वर्षं ही युक्ती अशी चालली की बाई माझी वही वर्गात फिरवायच्या. 'बघा, शिका जरा.' मी हुशार ठरले होते. गणितात नव्हे, उदाहरण लिहिणाऱ्याच्या सवयी ओळखण्यात.

मग एका परीक्षेत आलं : वर्गात ३८ मुलं आहेत. एका बाकावर ४ मुलं बसतात. तर किती बाक लागतील? मी भागून पाहिलं, बाकी उरली २. म्हणजे गुणाकार. १५२ बाक.

बाईंनी उत्तर वर्गात मोठ्याने वाचलं. "अडतीस मुलांना एकशे बावन्न बाक. प्रत्येकाला चार. बसायला एक आणि झोपायला तीन!" वर्ग फुटला हसून. मी खाली बघून बाकावरची शाई नखाने खरवडत होते. त्या हसण्याचं आज काही वाटत नाही, विनोद खरंच चांगला होता. पण हे उत्तर मी कुठून आणलं, हे कोणी म्हणजे कोणीच विचारलं नाही. विचारलं असतं तर दोन वर्षांची लबाडी तिथल्या तिथे उघडी पडली असती आणि माझं भलं झालं असतं.

असो. भाच्याकडे वळते.

चिठ्ठीवरचा तो 'पट' बघा. एका मुलीकडे ३५ मणी आहेत. ते तिच्या मैत्रिणीकडच्या मण्यांच्या ५ पट आहेत. मैत्रिणीकडे किती? चिठ्ठी म्हणते गुणा. उत्तर १७५. जिच्याकडे कमी आहेत तिच्याकडे १७५! उत्तर ७ आहे हे मुलाला कळू शकतं, पण त्यासाठी आधी एवढंच विचारावं लागतं की जास्त कोणाकडे आहेत. आणि ३ सदरे, ४ विजारी, किती वेगवेगळे जोड होतील? यात ना एकूण, ना पट, ना प्रत्येकी. चिठ्ठी गप्प. पोरगंही गप्प.

भागाकाराचं तर आपण फारच वाटोळं केलंय. 'भागाकार म्हणजे वाटणी' असं एकदा सांगून टाकलं की आपण सुटलो. अहो, भागाकाराच्या दोन गोष्टी आहेत. २० बटणं ४ मुलांना सारखी वाटायची : हात काय करतो? एक याला, एक त्याला, पुन्हा पहिल्यापासून, संपेपर्यंत. प्रत्येकाकडे ५. आता हीच २० बटणं, एका सदऱ्याला ४ लागतात, किती सदरे होतील? इथे कोणाला काही वाटायचंच नाही. चार-चार बाजूला काढत जायचं आणि किती ढीग झाले ते मोजायचं. कागदावर दोन्हीकडे २० ÷ ४ आणि उत्तर ५. पण एका ठिकाणी ५ बटणं आहेत, दुसऱ्या ठिकाणी ५ सदरे. हाताची हालचाल वेगळी, डोळ्यांसमोरचं चित्र वेगळं. ज्या मुलाला फक्त वाटणी ठाऊक आहे ते सदऱ्यांच्या उदाहरणात वाटून घेणारी माणसं शोधत बसतं, आणि सापडत नाहीत म्हणून आपल्याला विचारतं, "गुणायचं की भागायचं?"

(माझं बाकांचं उदाहरण याच दुसऱ्या जातीचं होतं. हे मला कळायला तिशी उलटावी लागली.)

बरं, कबूल करते. भरलेला वर्ग, डोक्यावर अभ्यासक्रम, आणि समोर 'आमच्या मुलाला मार्क का कमी?' म्हणणारे पालक. त्यात शिक्षकाला चिठ्ठी सोयीची वाटली तर मी त्याला सुळावर चढवणार नाही. आणि हो, पाढे पाठ हवेतच. सात आठे छप्पन्नला बोटं मोजत बसलं तर विचार करायला डोक्यात जागा उरणार कुठून? झालं, मान्य केलं. पण पाढा येणं वेगळं आणि तो कधी काढायचा हे कळणं वेगळं.

आणखी एक कबुली द्यायचीय, ती जरा जड आहे. चिठ्ठी बघून मी काय केलं? ओरडले. "नीट वाच! डोळे उघडून वाच!" तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटल्यावर त्याने मान खाली घातली आणि वहीच्या कोपऱ्यावर नख फिरवायला लागला. तेव्हा माझी मला लाज वाटली. 'नीट वाच' म्हणजे नक्की काय कर, हे त्याला कोणी सांगितलंय? मीही नाही. त्याने वाचलं होतंच की, प्रत्येक शब्द वाचला होता. म्हणून तर त्याला दोन विरुद्ध एक मोजता आले.

हे काही आपल्याच घरचं दुखणं नाही म्हणा. फ्रान्समध्ये १९८०च्या आसपास काही गणितशिक्षकांनी प्राथमिकच्या मुलांना विचारलं होतं : जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ९७ पैकी ७६ मुलांनी दिलेल्या आकड्यांवरूनच वय काढून दिलं. छत्तीस वगैरे. हा किस्सा लोक खोखो हसत सांगतात. मला त्या शहात्तर पोरांच्या रांगेत मी बसलेली दिसते, माझे १५२ बाक मांडीवर घेऊन. वर्षानुवर्षं त्यांना एकच धडा मिळालाय : उदाहरण आलं म्हणजे उत्तर असतंच, आणि ते याच दोन आकड्यांतून निघतं. 'हे कसं सांगणार?' असं विचारणाऱ्या मुलाला आपण शाबासकी देतो, की आगाऊ म्हणतो? खरं सांगा.

आणि ती बाकी! भागाकार आला, बाकी काढली, खाली लिहिली, काम झालं. त्या बाकीचं पुढे करायचं काय? ३८ मुलं, बाकावर ४. भागाकार ९, बाकी २. 'बाकी २' म्हणजे दोन मुलं भिंतीला टेकून उभी आहेत! त्यांना दहावा बाक आणून द्यावा लागतो. हेच उलटं करा : ३८ बटणं, सदऱ्याला ४, किती सदरे पुरे होतील? आता ९च, आणि दोन बटणं डब्यात. आणि ३८ मीटर दोरीचे ४ सारखे तुकडे केले तर साडेनऊ. तीन उदाहरणं, आकडेमोड एकच, उत्तरं तीन. अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तेरा वर्षांच्या मुलांना असंच विचारलं होतं : ११२८ सैनिक, एका बसमध्ये ३६, किती बस लागतील? सत्तर टक्के मुलांनी भागाकार बरोबर केला. आणि त्यातल्या कितीतरी जणांनी उत्तर लिहिलं '३१, बाकी १२'. बारा सैनिकांना बाकी म्हणून रस्त्यावर सोडून दिलं.

पुन्हा चढतोय माझा आवाज. पाणी पिऊन आले.

मग शेवटी आम्ही काय केलं ते सांगते, फार काही थोर नाही. मी वहीतल्या आकड्यांवर बोटं ठेवली आणि म्हटलं, आता सांग काय चाललंय. आधी तो गोंधळला. आकडे नाहीत तर सांगणार काय? मग हळूहळू म्हणाला, "मुलं आहेत. प्रत्येकाला वह्या मिळतायत. सारख्या." विचारायचं काय आहे? "सगळ्या वह्या." मग एका मुलाकडे जास्त असतील की सगळ्यांकडे मिळून? त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की आत्याला एवढंही कळू नये! मी बोटं उचलली. आकडे बघितले न बघितले, "अठ्ठेचाळीस" म्हणाला, आणि आपल्या '१ वही'कडे बघून स्वतःच खिदळायला लागला. "आत्या, आठ जणांत एक वही!"

चित्रही काढायला लावलं. आठ डोकी, डोक्यांखाली सहा-सहा चौकोन. पाचव्या मुलाला त्याने मिशा काढल्या, त्यात दहा मिनिटं गेली. जाऊ देत.

मग म्हटलं, आता उलटं. मी देते २४ ÷ ६, तू गोष्ट कर. पहिली गोष्ट अर्थातच २४ वस्तू ६ मुलांत वाटल्याची. म्हटलं, आता वाटायचं नाही. कोणालाच काही द्यायचं नाही. बराच वेळ छताकडे बघत बसला. मग : "२४ मुलं आहेत. खेळात एका गटात ६ लागतात. किती गट?" एवढं बोलून थांबला आणि स्वतःहून विचारलं, "आणि पंचवीस मुलं असली तर? एक जण पंच?" माझं मन भरून आलं. ही बाकी कागदाच्या तळाशी पडून राहिली नाही, तिला शिट्टी मिळाली.

चिठ्ठी मी फाडलेली नाही. उद्या वर्गात बाई विचारतील, त्याला उगाच का अडचणीत आणू? वाटल्यास त्यांच्याशी बोलेन, भांडायला नाही. बघू.

झोपायच्या आधी त्याला माझ्या १५२ बाकांची गोष्ट सांगितली. आजवर घरात कोणाला सांगितली नव्हती. तो पोट धरून हसला, बाईंपेक्षाही जास्त. मग वही ओढून काहीतरी लिहीत बसला. आत्ता तो झोपल्यावर उघडून पाहिलं. लिहिलंय :

'आत्याकडे १५२ बाक आहेत. एका बाकावर ४ मुलं बसतात. तर आत्याला किती मुलं लागतील? उत्तर : ६०८. पण एवढी मुलं आमच्या शाळेत नाहीत.'