आमोसचा देव सूडबुद्धीचा आहे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

बायबलमधील आमोस या इ.स.पू. आठव्या शतकातल्या हिब्रू संदेष्ट्यावरील लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. आपले आक्षेप दोन आहेत. हिब्रू संदेष्ट्यांचा देव न्यायाच्या नावाखाली आपल्या लोकांच्या शत्रूंवर सूड उगवतो, हा पहिला. आणि त्याचा कोप झाला की दोषी-निर्दोष सारेच भरडले जातात, हा दुसरा. पहिला आक्षेप निदान आमोसच्या बाबतीत मला मुळीच मान्य नाही.

त्याच्या ग्रंथाचे पहिले दोन अध्याय पाहा. दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब अशी शेजाऱ्यांची नावे एकामागून एक येतात, तेव्हा उत्तरेकडील इस्राएल राज्यातले श्रोते खुशीने माना डोलावत असणार. पण मवाबचा अपराध कोणता? त्याने अदोमच्या राजाची हाडे जाळून त्यांचा चुना केला. यात इस्राएलचे काडीचेही नुकसान झालेले नाही. एका परक्याने दुसऱ्या परक्याच्या अस्थींची केलेली ती विटंबना आहे, आणि तरीही देवाच्या दप्तरी तिची नोंद आहे. केवळ आपल्या लोकांचा सूड घेणाऱ्याला या प्रकरणात पडण्याचे कारणच नव्हते. त्यानंतर येते दक्षिणेकडील यहूदा, म्हणजे तकोवा गावच्या या मेंढपाळाचे, आमोसचे, स्वतःचे राज्य, आणि सर्वांत शेवटी, सर्वांत लांबलचक आरोपपत्रासह, इस्राएल.

त्या आरोपपत्रातले एक कलम असे, की हे लोक गहाण घेतलेल्या वस्त्रांवर वेदीशेजारी पसरतात. गरिबाचे पांघरूण गहाण घेतले तर ते सूर्यास्तापूर्वी परत करावे, कारण रात्री अंगावर घ्यायला त्याच्याकडे दुसरे काही नसते, असे बायबलमधल्याच निर्गमच्या पुस्तकात स्पष्ट सांगितले आहे. हा निव्वळ कविकल्पनेचा विषय नव्हता. १९६० साली भूमध्य किनाऱ्यावरील यावने-यामजवळच्या किल्ल्यात सापडलेल्या, इ.स.पू. सातव्या शतकातील एका खापरावर कापणीच्या मजुराचा अर्ज लिहिलेला आहे: आपण काम पुरे केले असतानाही आपले वस्त्र काढून घेतले, सोबतचे कापणीवाले तशी साक्ष देतील, तरी अधिकाऱ्याने ते परत मिळवून द्यावे. आमोसनंतर शतकाहून अधिक काळ लोटल्यावरही तक्रार तीच होती.

इस्राएलला देवाने निवडले, म्हणून त्याला सूट मिळते, असे आपण गृहीत धरले आहे. आमोस देवाच्या तोंडून नेमके उलट वदवतो: पृथ्वीवरील सर्व कुळांपैकी तुमच्याशीच ओळख ठेवली, म्हणून तुमच्याच अपराधांचा झाडा घेईन. पुढे नवव्या अध्यायात तर मिसरमधून (इजिप्तमधून) झालेल्या इस्राएलच्या सुटकेचा टेंभाही तो मिरवू देत नाही. शेजारच्या पलिष्ट्यांना कफतोरहून आणि अरामींना कीरहून आणणाराही तोच देव, असे तो बजावतो. इस्राएलच्या बेथेल इथल्या राजमंदिराच्या अमस्या याजकाने त्याला यहूदात परत जाऊन पोट भरायला सांगितले, यात नवल ते काय! (सूड सांगणाऱ्या संदेष्ट्याला राजमंदिरातून कोणी हाकलत नाही.)

दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. टोळ आणि अग्नी यांच्या दृष्टान्तांत आमोस स्वतःच ‘याकोब (म्हणजे इस्राएल) लहान आहे, तो कसा टिकेल?’ अशी गयावया करतो आणि देव दोन्ही वेळा माघार घेतो. ओळंब्याच्या तिसऱ्या दृष्टान्तानंतर ती विनवणी थांबते. इ.स.पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरच्या साम्राज्याने इस्राएलची राजधानी शोमरोन घेतली, तेव्हा हस्तिदंती पलंगांवर लोळणाऱ्यांबरोबर, पायतणांच्या जोडाच्या किमतीत विकले गेलेले गरीबही त्या लोंढ्यात सापडलेच असणार. बापाच्या पापाची शिक्षा मुलाला होणार नाही, हे यहेज्केल हा नंतरचा संदेष्टा बाबेलच्या (बॅबिलोनच्या) बंदिवासात ठासून सांगतो, पण ते सुमारे दीडशे वर्षांनंतर. त्याचे उत्तर आमोसच्या तोंडी घालून आपली शंका मिटवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.