सिंहाचा संयम आणि सिंहिणीचा ‘एकच’ छावा

गर्जना करणाऱ्या सिंहाचा फोटो लावून एक मजकूर पुन्हा सगळीकडे फिरतोय. ‘सिंह वर्षातून एकदाच समागम करतो, म्हणून त्याच्यात एवढं बळ. सिंहीण आयुष्यात एकदाच विते, एकच छावा देते. आणि राजाच्या पहाऱ्यात त्या छाव्याच्या केसालाही धक्का लागत नाही.’ पहिली दोन वाक्यं साफ खोटी आहेत. तिसऱ्यात थोडं तथ्य आहे, पण तेच जास्त फसवं आहे.

वर्षातून एकदा? सिंहीण माजावर आली की जोडी कळपापासून जरा बाजूला होते. मग साधारण चार दिवस, रात्र म्हणू नका दिवस म्हणू नका, दर पंधरा-वीस मिनिटांनी मीलन चालू असतं. एक खेप मिनिटभरही टिकत नाही. ती उठते, त्याच्या नाकासमोरून शेपटी हलवत जाते आणि पोटावर बसते. तो तिचं मानगूट दातांत हलकेच धरतो. संपताक्षणी ती गुरकावून वळते, पंजा उगारते, आणि राजेसाहेब टुणकन मागे सरकतात. एवढा खटाटोप करूनही दर माजाला गर्भ राहतोच असं नाही. संयमाच्या धड्यासाठी दुसरा प्राणी शोधलेला बरा.

एकच छावा, तोही एकदाच? साधारण ११० दिवसांनी सिंहीण विते आणि एका वेताला बहुधा दोन-तीन, कधी चार छावे होतात. ते जगले तर पुढचं वेत दोनेक वर्षांनी. एवढं पुरे.

आता पहारा. वितेवेळी सिंहीण कळप सोडून झुडपात किंवा खडकांच्या आडोशाला जाते. छाव्यांचे डोळे मिटलेले, वजन जेमतेम दीड किलो. सहा-आठ आठवडे ती एकटीच त्यांना सांभाळते आणि अधूनमधून एकेकाला मानगुटीला धरून नव्या जागी हलवते. शिकारीला गेली की मागे पहाऱ्याला कुणी नसतं. तरस किंवा बिबट्याला तेवढी सवड पुरते. पुढे कळपात आल्यावर भूक असते. शिकार लहान असली तर मोठे आधी खातात, छाव्यांच्या वाट्याला काही उरेलच असं नाही. टांझानियातल्या सेरेंगेटीत निम्म्याहून अधिक छावे वर्षाचेही होत नाहीत.

आणि सर्वांत मोठी गोची राजाचीच. आपल्या छाव्यांसाठी सिंह जिवावर उदार होऊन लढतो, हे खरं. पण कळपावरचा त्याचा ताबा बहुतेक वेळा दोन-तीन वर्षंच टिकतो, आणि छावे स्वतःच्या पायावर उभे राहायलाही जवळपास तेवढाच काळ लागतो. मध्येच दुसऱ्या नरांनी त्याला हुसकावलं, तर नवे धनी आधीची लहान पिल्लं मारून टाकतात. क्रौर्याचा शौक म्हणून नव्हे. छावे अंगावर असेपर्यंत सिंहीण सहसा माजावर येत नाही. ते गेले की काही दिवसांत किंवा आठवड्यांत येते. सिंहांचे अभ्यासक क्रेग पॅकर आणि अ‍ॅन प्युसी यांच्या सेरेंगेटीतल्या हिशोबानुसार छाव्यांच्या मृत्यूंपैकी साधारण चौथा हिस्सा असा नरांच्या हातून होतो. म्हणजे छाव्याला असलेल्या मोठ्या धोक्यांपैकी एकाला आयाळ असते, आणि तो फोटोत अगदी झकास दिसतो.

सिंहिणीही मुकाट बसत नाहीत. एकाच सुमाराला विऊन छावे एकत्र वाढवतात, एकमेकींच्या पिल्लांना दूधही पाजतात, आणि परका नर आला तर मिळून त्याच्यावर धावून जातात. गीरमध्ये नर आणि माद्यांचे गट बराच काळ वेगवेगळे फिरतात. तिथे भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासकांना दिसलं की एकच सिंहीण शेजारपाजारच्या एकाहून अधिक नर-टोळ्यांशी मीलन करते. छावे आपलेही असू शकतील अशी ज्या नराची समजूत असते, तो त्यांच्या वाटेला जात नाही.