आयटीआयने गाव ओस पाडलं म्हणे!

"खेड्यापाड्यातली आयटीआय आणि कौशल्याची कॉलेजं म्हणजे सरकारी पैशाची उधळपट्टी. परदेशात असली थेरं नाहीत. इथे नापास पोरं जातात, शिकून बेकार फिरतात, नाहीतर गाव सोडून गाव ओस पाडतात. ही बंद करून पैसा कारखान्यांना द्या, जिल्हा पुढे जाईल."

नाशिकमधल्या ग्रुपाग्रुपांत हा मेसेज फिरतोय. फिरो बापडा, म्हटलं असतं. पण निफाडकडच्या माझ्या मावसबहिणीने तो वाचला आणि लेकीचा आयटीआयचा अर्ज भरायचा थांबवला. पाठवणारे आमचेच काका. तेव्हा काका, ऐकाच आता.

परदेशाचं आधी उरकतो. अमेरिकेत जोलिएटला पहिलं सरकारी कम्युनिटी कॉलेज, म्हणजे आसपासच्या पोरांना कौशल्यंही शिकवणारं दोन वर्षांचं कॉलेज, 1901 साली निघालं. पुढे.

नापास पोरं? इलेक्ट्रिशियन, फिटरला दहावी पास लागते आणि प्रवेश मार्कांवर मिळतो. वेल्डर, वायरमनला दहावी नापासही चालतो, आणि चालायलाच हवा. त्याने काय करावं मग, पारावर बसावं? दोन वर्षांचा ट्रेड (आयटीआयचा कोर्स) केलेल्याला पुढे इंजिनिअरिंग डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला बसता येतं, हे मेसेजवाल्याला ठाऊकच नाही.

बेकार फिरतात? केंद्राच्या कौशल्य विकास मंत्रालयाने आयटीआय झालेल्यांचा माग काढून 2018 मध्ये अहवाल दिला. त्यात 63.5 टक्के जण नोकरीला किंवा स्वतःच्या धंद्याला लागलेले आढळले. उरलेल्यांचं काय, हा प्रश्न रास्त आहे. शिकवणाऱ्यांच्या जागा रिकाम्या आणि यंत्रं वडिलांच्या काळातली, हे बऱ्याच ठिकाणी खरं आहे. तेवढं मी नाइलाजाने मान्य करतो. मग जागा भरा म्हणा, यंत्रं बदला म्हणा. कुलूप लावा कसलं म्हणता?

आता ते गाव ओस पाडण्याचं. काका, तुमची स्वतःची द्राक्षबाग आहे, म्हणून जास्त राग येतो. गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, अवकाळी पाऊस पडला की डाऊनी रोगाच्या भीतीने रात्री झोप लागते का तुम्हाला? नेमका त्याच दिवशी औषध फवारायचा ब्लोअर बंद पडला, ट्रॅक्टर रुसला, तर कोणाला फोन लावता? तालुक्यातल्याच, आयटीआय शिकलेल्या डिझेल मेकॅनिकला ना? विहिरीवरची मोटर जळाली तर ती भरून देणारा मुंबईहून येतो का?

काढणीच्या दिवसांत तर विचारूच नका. माल तोडल्यावर काही तासांत प्रीकूलिंगला, म्हणजे थंड करायला, गेला नाही तर देठ सुकतात, आणि सुकल्या देठाचं द्राक्ष निर्यातीला कोण घेणार? द्राक्षं थंड करून पेट्या भरायच्या पॅकहाउसचा कॉम्प्रेसर रात्री बंद पडला तर रेफ्रिजरेशन शिकलेलं पोरगं पिंपळगाव-दिंडोरीच्या टापूतच असावं लागतं. बागेचा पैसा जिल्ह्यात थांबतो तो असा: दुरुस्तीला, वायरिंगला, वेल्डिंगला, आणि त्या दुकानात हाताखाली लागलेल्या दोन पोरांच्या पगाराला.

बाहेर जातात तेही किती लांब? सातपूर, अंबड, सिन्नरच्या कारखान्यांत. बरेच जण मोटारसायकलवर रोज जाऊन-येऊन करतात. आयटीआयवाल्यांना अप्रेंटिस म्हणून घेणारा एचएएलचा विमानांचा कारखाना ओझरला, म्हणजे निफाड तालुक्यातच. पोरांना गाव सोडायला लावतो तो लासलगावला पडलेला कांद्याचा भाव आणि वाटण्या होत होत उरलेलं एकर-दीड एकर. त्याचं खापर वेल्डिंगच्या वर्गावर का?

राहिला कारखान्यांना पैसा देण्याचा तोडगा. तो आधीच दिला जातोय. 2016 च्या राष्ट्रीय अप्रेंटिस योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिन्याला 1500 रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलतं. पण कारखाना शिकवणार त्याच्या मशीनपुरतं, त्याच्या गरजेपुरतं. तुमच्या ब्लोअरचा पंप खोलायला तो कोणाला आणि कशासाठी शिकवेल?