नाकावर किती विसंबायचे?

घरात काही बिघडले आहे की नाही, हे आपण बहुधा वासावरून ठरवतो आणि माझ्या मते आरोग्याच्या बाबतीतल्या घरगुती गफलतींचे मूळ पुष्कळदा याच सवयीत असते. स्वयंपाकाच्या गॅसची गळती नाकाला कळते खरी, परंतु तो वास मूळ गॅसचा नसून गळती लक्षात यावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या इथाइल मरकॅप्टनचा असतो. कार्बन मोनॉक्साइड या वास नसलेल्या विषारी वायूच्या बाबतीत अशी सोय नाही, कारण इंधन अपुऱ्या हवेत अर्धवट जळले की तो घरातच तयार होतो. बंद न्हाणीघरातला गॅस गीझर, उबेसाठी दारे-खिडक्या लावून पेटवलेली कोळशाची शेगडी किंवा आत चालवलेला जनरेटर यांतून तो पसरतो आणि रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० हून अधिक पट ओढीने चिकटतो. डोके दुखते, मळमळते, गरगरते. माणूस ते पित्तावर ढकलतो आणि त्याच खोलीत आडवा होतो. एकाच घरातल्या दोघातिघांचे डोके एकदम दुखू लागले आणि मोकळ्या हवेत आल्यावर उतरले, तर शंका घ्यायलाच हवी.

याउलट, ज्या उग्र वासाला आपण स्वच्छतेची खूण समजतो, तो कधीकधी धोक्याचा असतो. ब्लीच आणि शौचालय साफ करण्याचे आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. ब्लीचमध्ये अमोनिया पडला तर क्लोरामाइन तयार होतात. हे दोन्ही वायू फुप्फुसांना इजा करतात. दोन बाटल्या एकत्र ओतल्या की दुप्पट सफाई होईल, असा हिशेब मीही एकदा केला होता आणि खोकत बाहेर पळालो होतो. कपड्यांतल्या डांबराच्या गोळ्या नॅफ्थलीनच्या असतील, तर जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी त्यामुळे फुटू शकतात.

भिंतीला ओल येऊन बुरशी धरली की आपण सुगंधी फवारा मारतो, हे मला सर्वांत अनाकलनीय वाटते. दमेकऱ्याला त्रास देणारी बुरशी तशीच राहते आणि तिची चाहूल देणारा कुबट वास तेवढा झाकला जातो. जुन्या रंगातल्या शिशाच्या धुळीला तर झाकण्यापुरताही वास नसतो, म्हणून असा रंग कोरडा घासू नये.

कार्बन मोनॉक्साइडसाठी गजर देणारे यंत्र मिळते. ते धुराच्या गजराहून वेगळे असते, त्यामुळे धुराचा गजर घरात आहे एवढ्यावर निश्चिंत राहता येत नाही.