फोटोतले क्रो लोक घाबरलेले नव्हते

अमेरिकेतल्या क्रो जमातीच्या जुन्या फोटोंचा एक फॉरवर्ड अधूनमधून फिरत येतो. खाली मजकूर असा: ‘कॅमेरा आत्मा चोरतो या भीतीने चेहरे गंभीर. बाहेरचा वारा न लागलेला शुद्ध पारंपरिक पोशाख. नामशेष झालेल्या जमातीची शेवटची आठवण.’ वाक्यं तीन, धड एकही नाही.

आधी भीतीचं बघू. १८८० साली मेडिसिन क्रो, प्लेंटी कूज, प्रीटी ईगल असे सहा क्रो प्रमुख वॉशिंग्टनला गेले होते. आपली जमीन आणि तिच्यातून जाऊ पाहणारी रेल्वे, यावर सरकारशी बोलणी करायची होती. तिथे चार्ल्स बेलच्या स्टुडिओत त्यांचे फोटो निघाले. अशा कामावर आलेला माणूस दात काढून कशाला बसेल? आपले पणजोबा तरी फोटोत कुठे हसतात! (फोटो काढला की आयुष्य घटतं, असं आपल्याकडेही म्हणायचेच की.)

आता तो ‘शुद्ध’ पोशाख. क्रो बायकांच्या प्रसिद्ध झग्यावर एल्क हरणाचे दात ओळीने शिवलेले असतात. एका एल्कचे दोनच सुळे यासाठी चालतात. म्हणजे तीनशे दातांचा झगा दिसला की दीडशे एल्क मोजायचे! ही त्या घरची श्रीमंती. पण दात ज्यावर शिवलेत ते लाल-निळं लोकरी कापड व्यापारातून आलेलं, बरंचसं इंग्लंडचं. काचेचे मणी व्हेनिसकडचे. बाहेरचा माल घेऊन त्यांनी तो पुरता आपला केला.

पुरुषांचे सदरेही नुसते शोभेचे नाहीत. अर्मिन या छोट्या प्राण्याच्या पांढऱ्या कातडीच्या पट्ट्या सदऱ्यावर लोंबतात, त्या शत्रूची बंदूक हिसकावणाऱ्याचा मान. मेडिसिन क्रोच्या सदऱ्यावर त्या आहेत. २०१४ मध्ये वेंडी रेड स्टार या क्रो कलावतीने बेलच्या याच फोटोंवर लाल शाईने टिपा लिहून असे अर्थ उघड केले.

फॉरवर्डच्या बाजूने एवढंच म्हणता येईल, की ‘वारा न लागलेलं’ चित्र रंगवण्यात फोटोग्राफरांचाही हात होता. एडवर्ड कर्टिसने पिगन जमातीच्या तंबूतल्या एका फोटोतून चक्क घड्याळ पुसून टाकलं होतं.

आणि नामशेष? क्रो लोक आजही मोंटानात आहेत. १९०४ पासूनची त्यांची जत्रा ऑगस्टमध्ये भरते. तंबूंचं गावच वसतं. युद्धप्रमुख व्हायला त्यांच्यात चार पराक्रम लागत: शत्रूला हात लावणं, त्याचं शस्त्र काढून घेणं, घोडे पळवणं, यशस्वी तुकडीचं नेतृत्व करणं. मेडिसिन क्रोचे नातू जो मेडिसिन क्रो यांनी हे चारही दुसऱ्या महायुद्धात जर्मनांविरुद्ध पुरे केले. घोडेसुद्धा जर्मनांचेच पळवले. ते वारले २०१६ साली, वयाच्या १०२व्या वर्षी.