‘अठरा म्हणजे अठरा’ म्हणणाऱ्या वकीलसाहेबांना

अठराव्या वाढदिवसानंतर मुलांच्या पोटगीचं काय होतं, या माझ्या लेखावर एका वाचकांची लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. नाव दिलेलं नाही, पण बरीच वर्षं वकिली करतो असं लिहिलंय, म्हणून मी त्यांना वकीलसाहेबच म्हणते. प्रतिक्रियेचा गाभा असा: ‘ताई, कायदा भावनेवर चालत नाही. अठरा म्हणजे अठरा, एवढी साधी गोष्ट आहे. प्रत्येक कायद्याचा हेतू वेगळा असतो. तुम्ही चार कायदे एकत्र कालवून लोकांचा गोंधळ केलात. आधी कायदा वाचा, मग लिहा.’ त्यापुढे पोटगीचा गैरवापर, नोकरी लपवणाऱ्या बायका आणि कर्जबाजारी बाप यांच्यावर बरंच काही आहे.

आधी त्या ‘ताई’बद्दल. ताई म्हणून हाक मारायची आणि पुढच्याच वाक्यात अक्कल काढायची, ही पद्धत माझ्या चांगल्या ओळखीची आहे. कोर्टाच्या व्हरांड्यात माझ्या आईशी सगळे असेच बोलायचे. ‘बाई, तुम्हाला नाही कळायचं, तुम्ही सही करा.’ मतभेद असेल तर कलम दाखवा, निकाल दाखवा, मी रात्र जागून वाचेन. ‘आधी वाचा’ ही नुसती दटावणी झाली. दटावून घेण्याचं माझं वय सरलं.

एक गोष्ट मान्य करते. लेखात मी पोटगीच्या कलमाला, ज्याखाली धडधाकट मुलाची पोटगी अठरा पूर्ण झाल्यावर थांबते, सगळीकडे ‘कलम १२५’ असंच लिहिलं होतं. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहिता जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि पोटगीचं कलम १४४ झालं. तसा उल्लेख हवा होता, आता टाकला आहे. पोटगीचे जुने आदेश घेऊन फिरणाऱ्या बायकांच्या तोंडी अजून ‘एकशे पंचवीस’च आहे, म्हणून या उत्तरातही मी तोच आकडा वापरणार आहे.

आता ‘एवढी साधी गोष्ट’. याच वाक्याने मला हे उत्तर लिहायला बसवलं.

वकीलसाहेब, साधी असती तर बालविवाह प्रतिबंधक कायद्यात, २००६ च्या, एकवीस वर्षं पूर्ण न झालेला मुलगा ‘बालक’ ठरला नसता. म्हणजे वीस वर्षांचा मुलगा लग्नाच्या बाबतीत बालक, आणि कॉलेजची फी बापाकडे मागायला गेला की सज्ञान. सज्ञानता कायदा १८७५ चा. त्यातसुद्धा कोर्टाने पालक नेमलेल्या मुलासाठी वय एकवीस होतं, ते १९९९ च्या दुरुस्तीने अठरा झालं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात अठराच्या आतलं दत्तक, सावत्र आणि सांभाळायला घेतलेलं मूलही ‘मूल’ आहे. एकशे पंचवीसमध्ये औरस आणि अनौरस हे दोन शब्द स्पष्ट आहेत, सावत्र हा शब्द शोधून सापडत नाही. त्याच कलमात शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे, इजेमुळे स्वतःचं पोट भरू न शकणाऱ्या मुलाला वयाची अट नाही, पण तीच मुलगी विवाहित असेल तर ती त्यातून बाहेर. यात साधं काय आहे?

आणि २००७ चा कायदा घ्या, आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा. त्यात ‘मुलं’ कोण? मुलगा, मुलगी, नातू, नात, मात्र अज्ञान वगळून. तिथे अठराच्या आतला तो मूलच नाही, अठरा पूर्ण झाल्यावर तो मूल होतो, आणि दरमहा दहा हजारांपर्यंत देण्याचा आदेश त्याच्यावर निघू शकतो. त्याच्याही आधी, १९८७ साली, सर्वोच्च न्यायालयाने कल्याणच्या एका विवाहित डॉक्टर मुलीला सांगितलं होतं की बापाला पोसण्याची जबाबदारी लग्न झालं म्हणून संपत नाही. निकाल योग्यच होता. म्हाताऱ्या आईबापांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांची बाजू मी कधी घेतलेली नाही, घेणार नाही. पण द्यायची वेळ येते तेव्हा आपण जन्मभर कोणाचं तरी मूल असतो आणि घ्यायची वेळ येते तेव्हा अठराव्या वाढदिवसाला ते नातं संपतं, हे मला सलतं. माझा लेख एवढंच म्हणत होता. कायदे मी कालवले नाहीत. ते संसदेने वेगवेगळ्या ताटांत वाढलेत आणि जेवायला बसलेलं पोर एकच आहे.

मी वाचत नाही असं तुम्ही म्हणता, म्हणून घरचं सांगते.

आईने एकशे पंचवीसचा अर्ज केला तेव्हा त्या कलमाला महिना पाचशे रुपयांची कमाल मर्यादा होती. ती २००१ मध्ये उठली, आमच्या उपयोगाला आली नाही. पैसे कोर्टात जमा व्हायचे. नाझरच्या, म्हणजे कोर्टातले पैसे सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या, खिडकीपाशी आई रांगेत उभी राहायची आणि बरेचदा ‘अजून भरले नाहीत’ ऐकून परत यायची. मग वसुलीचा अर्ज, मग वॉरंट, मग पुढची तारीख. मी पॉलिटेक्निकला होते. अठरा पूर्ण झाल्यावर लागलीच वडिलांच्या वकिलांनी पुरसिस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, दिली, सोबत माझ्या दहावीच्या सर्टिफिकेटची झेरॉक्स. जन्मतारखेखाली लाल पेनने दोन रेघा मारल्या होत्या. त्या बापाला माझा वाढदिवस तोवर कधी आठवला नव्हता.

आमचे वकील म्हणाले, ‘मुलगी सज्ञान झाली, विषय संपला.’ तुमचेच शब्द. विषय संपला नव्हता. १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा तेव्हाही होता. त्याचं कलम २० म्हणतं की स्वतःच्या कमाईतून किंवा मालमत्तेतून भागवू न शकणाऱ्या अविवाहित मुलीचा निर्वाह आईबापांवर आहे. तिथे अठराची रेघ नाही. निर्वाहात काय येतं तेही त्याच कायद्याच्या कलम ३ मध्ये आहे: अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षण, औषधोपचार. हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. आईने डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाची फी पाटल्या मोडून भरली. धाकटा भाऊ बारावीत असताना अठराचा झाला आणि त्याचेही पैसे थांबले. त्याच्यासाठी तर कलम २० सुद्धा नव्हतं, कारण ते मुलग्याला अज्ञान असेपर्यंतच धरतं. तो सकाळी पेपर टाकायला लागला. ही भावना नाही, वकीलसाहेब, हे आमच्या घरात घडलंय. तुम्ही ज्याला साधी गोष्ट म्हणता, ती आम्ही त्या लाल रेघांपासून पुढे भोगली आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर २०२० ला अभिलाषा विरुद्ध प्रकाश या खटल्यात हेच स्पष्ट केलं: सज्ञान, धडधाकट मुलीला एकशे पंचवीसखाली पोटगी नाही, पण कलम २० चा रस्ता मोकळा आहे. यातला पहिला अर्धा भाग तुम्ही प्रतिक्रियेत ठळक करून टाकलात. दुसरा अर्धा का गाळलात? तोच तर मुलींच्या कामाचा आहे! आणि तो रस्ताही हिंदू, बौद्ध, जैन, शीख मुलींपुरताच. वसईच्या ख्रिस्ती मुलीला तो कायदाच लागू नाही. तिच्या आईला तुम्ही काय सांगणार, अठरा म्हणजे अठरा?

‘प्रत्येक कायद्याचा हेतू वेगळा’ हे वाक्य वाचलं. असेल वेगळा. फी भरायच्या खिडकीवर कायद्याचा हेतू चालत नाही. गैरवापराबद्दल म्हणाल तर राजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालापासून दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, नवऱ्यालाही आणि बायकोलाही. कोणी काही लपवत असेल तर ते तिथे बाहेर काढा. माझ्या लेखाखाली बायकांना खोटारडं ठरवणारी पुढची प्रतिक्रिया मी छापणार नाही.

त्याच लेखाखाली एका आईने विचारलं होतं, त्यांना आजवर उत्तर द्यायचं राहिलं होतं. मुलगी एकोणीसची, नर्सिंगला, वडिलांनी पैसे थांबवलेत. मुलगा येत्या वर्षात अठराचा होईल. घटस्फोटाचा दावा अजून चालू आहे. ताई, मुलीच्या नावाने कलम २० खाली कौटुंबिक न्यायालयात अर्ज करा, तुमच्याकडे ते नसेल तर दिवाणी न्यायालयात. फीच्या पावत्या, हॉस्टेल-मेसची बिलं, पुस्तकांचा खर्च, सगळं तारीखवार लावून ठेवा. मुलासाठी असं थेट कलम मला दाखवता येत नाही. तडजोडीची बोलणी सुरू झाली तर त्याचं शिक्षण पूर्ण होईपर्यंतचा खर्च संमतीच्या अटींमध्ये आकड्यांसकट लिहून घ्या, आणि ती ओळ स्वतः वाचल्याशिवाय सही करू नका.