देव भेटू नये म्हणून घ्यायची खबरदारी

देवाची भक्ती करावीच, याबद्दल दुमत नाही. पण ती करताना चुकून देव भेटला तर काय, याचा विचार आपल्याकडे कुणी करत नाही. पहाटे चारला उठून रांगेला लागणारे, अनवाणी डोंगर चढणारे, गुरुवारमागून गुरुवार पोथी वाचणारे असे सगळे देवाच्या इतक्या जवळ वावरत असतात की अपघात कधीही घडू शकतो. सुदैवाने आपण सर्वांनी मिळून अशी पक्की व्यवस्था बसवली आहे, की भक्तीही होते, कामंही होतात आणि देव सहसा आडवा येत नाही. नवशिक्यांच्या सोयीसाठी तिची थोडी माहिती देतो.

सगळ्यात भरवशाचं साधन म्हणजे नवस. देवाकडे रिकाम्या हाताने जाऊ नये असं मोठी माणसं सांगतात. मी म्हणतो, रिकाम्या मनाने तर मुळीच जाऊ नये. मनात एक ठसठशीत मागणी घेऊन गेलं की समोर कोण उभं आहे याकडे लक्ष जात नाही. शिवाय व्यवहार फायद्याचा आहे. बिल्डरला आपण पैसे आधी मोजतो आणि ताब्यासाठी वर्षानुवर्षं चपला झिजवतो. देवाच्या बाबतीत मात्र काम आधी, नारळ नंतर. ही बोली त्याला मान्य आहे का, हे त्याला विचारायच्या भानगडीत कुणी पडलेलं नाही, तुम्हीही पडू नका.

मागताना स्वतःच्या पलीकडे जाऊ नये, एवढं मात्र पाळा. लालबागचा राजा १९३४ साली पहिल्यांदा बसला तो नवसातूनच. पेरू चाळीतला बाजार उठला होता, उघड्यावर बसून मासळी नि माल विकणाऱ्यांना हक्काची जागा हवी होती. कोळी आणि व्यापाऱ्यांनी मिळून नवस बोलला, जागा मिळाली, गणपती बसला. आता बघा, सगळ्या बाजाराने मिळून सगळ्या बाजारासाठी मागितलं! असा भोंगळ कारभार आज चालणार नाही. आज नवसाच्या रांगेत शेजारी कोण उभं आहे, तो पहाटेपासून उपाशी आहे का, त्याच्या कडेवरचं पोर का रडतंय, हे बघत बसलात तर आपला टू-बीएचके बोलायचा राहून जाईल आणि वरून स्वयंसेवकाचा धक्का बसेल तो वेगळाच.

ज्यांना देवासमोर तोंड उघडायला संकोच वाटतो त्यांनी प्रभादेवीला जावं. सिद्धिविनायकाच्या देवळात उंदीरमामाच्या एका कानावर हात ठेवून दुसऱ्या कानात इच्छा सांगायची पद्धत आहे. साहेबांना भेटण्यापेक्षा साहेबांच्या माणसाला गाठावं, हे आपल्याला सरकारी कचेऱ्यांनी शिकवलंच आहे. काम होतं आणि साहेबांची नजरही चुकते.

सत्यनारायण घालणार असाल तर एका गोष्टीला जपा. कथा ऐकू नका. वर्षानुवर्षं पूजेला बसूनही ती नीट न ऐकलेली माणसं मला माहीत आहेत आणि त्यांचं उत्तम चाललं आहे. त्या कथेत एक साधुवाणी आहे. मूल झालं तर पूजा करीन म्हणाला. मुलगी झाली. बायकोने आठवण केली तर म्हणाला, हिच्या लग्नात करू. लग्नही झालं, तरी पूजा राहिलीच, आणि हा जावयाला घेऊन व्यापाराला निघून गेला. पुढे चोरीचा आळ आला, कैद झाली, सगळं झालं. सुटून परत येताना एका संन्याशाने विचारलं, नावेत काय आहे? पैशाने भरलेली नाव, पण हा म्हणाला, पालापाचोळा. आणि बघतो तो खरोखरच पालापाचोळा.

आपल्याच पूजेत आपल्याच पैशाने असल्या गोष्टी वाचल्या जातात, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. म्हणून तर गुरुजी वाचत असताना यजमानाने मोबाईलवर ‘सातनंतर तीर्थप्रसादाला या’ असे निरोप पाठवत राहायचं असतं. कान उघडे राहिले तर तो प्रश्न आपल्याकडेही वळायचा. आपल्या नावेत काय आहे, हे आपल्या सीएपुरतंच राहिलेलं बरं. लक्ष द्यायचंच तर शिऱ्याकडे द्या. रवा, साखर, तूप, सगळं सव्वाच्या मापाने पडलंय ना, केळं घातलंय ना. देव मापाला फार काटेकोर असतो. सचोटीचं काय ते बघता येईल.

पैशाकडे येऊ. दानपेटीत काय टाकावं याचं शास्त्र आहे. कंडक्टर घेत नाही, भाजीवाली घेत नाही, ती फाटकी दहाची नोट देव घेतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे-हजाराच्या नोटा बाद झाल्या तेव्हा देवळांच्या दानपेट्यांत त्या नोटा निघाल्या होत्या. बँकेत भरताना ‘कुठून आल्या’ असं कुणी विचारलं असतं. गाभाऱ्यात तसं कुणी विचारत नाही. मोठी रक्कम द्यायची असेल तर ती देणगी प्राप्तिकराच्या सवलतीत बसते का ते आधी बघा आणि चेकनेच द्या, कारण दोन हजारांच्या वर रोख दिलीत तर वजावट मिळत नाही. आणि नवी करप्रणाली निवडली असेल तर ही सवलत मुळातच नाही. मग उरतं निव्वळ पुण्य. निव्वळ पुण्यासाठी कुणी पैसे देतं का? त्या वर्षी देणगी पुढे ढकला.

देवाला धंद्यात भागीदार करून घेणारेही पुष्कळ आहेत. नफ्यात अमुक टक्के बालाजीचे, असं ठरवून टाकायचं. स्वतः बालाजीच लग्नासाठी काढलेलं कुबेराचं कर्ज अजून फेडतो आहे अशी कथा असल्यामुळे तो भागीदारीला नाही म्हणणार नाही. अट एकच. भागीदाराला हिशेबाच्या वह्या दाखवायच्या नाहीत आणि कामगारांचा पगार का थकलाय हे विचारायचा हक्क द्यायचा नाही. तसबीर गल्ल्याच्या वर, नजर समोर गिऱ्हाइकाकडे, अशी लावावी. कचेरीत काम करत असाल तर काचेखाली तसबीर आणि टेबलाला ड्रॉवर, एवढं पुरतं. पाकीट आत टाकण्याआधी कपाळाला लावायला विसरू नका. लक्ष्मी आहे ती.

वरकड कामांनाही देव फार उपयोगी. जिन्याच्या कोपऱ्यात पान खाऊन थुंकणाऱ्यांना सोसायटीची पाटी आवरू शकत नाही, तिथे देवादिकांच्या चार टाइल्स बसवल्या की झालं. शिर्डी, मक्का, क्रूस, गणपती, असं सर्वधर्मीय पथक तिथे दिवसरात्र पहाऱ्यावर असतं, बिनपगारी. गाडीच्या मागच्या काचेवर ‘भिऊ नकोस, मी तुझ्या पाठीशी आहे’ हे अक्कलकोट स्वामींचं अभयवचन चिकटवलं की सिग्नल तोडायला मोकळीक. तसं पाहिलं तर भ्यायचं मागून येणाऱ्याने.

आता उपास. आठवड्याला एक तरी करावा. पोटाला आराम नाही पण मनाला समाधान मिळतं. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, वर बटाट्याचा चिवडा. या दिवशी मोलकरणीशी जरा तोंड सोडून बोललं तरी चालतं, कारण उपास असतो. साने गुरुजींनी १९४७ साली पंढरपुरात उपोषण केलं ते मात्र भलत्याच कारणासाठी. विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्य मानलेल्यांना खुलं व्हावं म्हणून. स्वतःसाठी काही मागायचंच नसेल तर माणसाने उपाशी राहायचं कशाला, हे मला तरी कळलेलं नाही.

पंढरपूरचा विषय निघालाच आहे तर पुंडलिकाचं सांगून ठेवतो, कारण धोका नेमका कुठून येतो ते त्या प्रकरणात स्पष्ट दिसतं. हा माणूस कुठेही गेला नव्हता. रांग नाही, पास नाही, नवस नाही. घरात म्हातारे आईबाप, त्यांचे पाय चेपत बसलेला. आणि देव आपण होऊन दारात! त्यावर याने काय करावं? वीट फेकली आणि म्हणाला, थांब जरा, हातातलं काम होऊ दे. तेव्हापासून देव कमरेवर हात ठेवून उभाच आहे, असं आपण पिढ्यान् पिढ्या कौतुकाने सांगतो. त्यातली सूचना मात्र कुणी घेत नाही. घरात म्हातारं माणूस असेल आणि त्याचं अंथरूण बदलत, औषधाच्या वेळा सांभाळत, तीच जुनी गोष्ट परत ऐकत तुम्ही घरीच बसलात, तर देव दारात येण्याची शक्यता बळावते. त्यापेक्षा आईला आठ दिवसांसाठी कुणाच्या तरी हवाली करा आणि यात्रा कंपनीची बस पकडा. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर, गाणगापूर. एका फेरीत चार ठिकाणं होतात, आणि आईच्या तब्येतीसाठी प्रत्येक ठिकाणी अभिषेकही करता येतो. तिला फोनवरून अभिषेक दाखवा. फोन उचलेल कोण, हा प्रश्न वेगळा.

इतकं सांगूनही काही हट्टी लोक म्हणतात, आम्हाला देवाकडून काही नको, देवच हवा. त्यांनी निदान पूर्वी ज्यांना तो भेटला त्यांचं पुढे काय झालं, याची चौकशी करावी. देहूचं मोरे घराणं महाजनकीचं, दुकान, सावकारी, सगळं बरं चाललेलं. १६३० च्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको गेली, मुलगा गेला. अशा वेळी शहाणा माणूस काय करील? एखादा यज्ञ, एखादी शांत, आणि दुष्काळ ओसरताच थकलेली वसुली व्याजासकट. तुकोबा देवाच्या शोधात डोंगरावर जाऊन बसले. तिथून उतरले ते कशासाठी, तर लोकांकडून येणं असलेली खतपत्रं इंद्रायणीत बुडवायला! धाकटा भाऊ कान्होबा व्यवहारी निघाला म्हणून निम्मी तरी वाचली. त्याने आपला वाटा आधी बाजूला काढून घेतला. वसुलीचा कागदच नदीत गेला म्हटल्यावर पुढच्या पिढीने करायचं काय? आणि या गृहस्थांनीच वर विचारलं की नवसाने पोरं होत असतील तर नवरा कशाला करावा लागतो. इतक्या उघड प्रश्नावर आपल्याला दुसरं काय करता येणार होतं? आपण त्यांचं मंदिर बांधलं.

एकनाथांचंही तेच. काशीहून गंगेची कावड वाहून आणली ती रामेश्वराला घालायची म्हणून, आणि वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओतून मोकळे झाले. अलीकडचे म्हणाल तर गाडगेबाबा. वारीला पंढरपुरात यायचे आणि देवळात न जाता खराटा घेऊन रस्ते झाडायचे. आत जाऊन काही मागितलं असतं तर निदान एखादी म्युनिसिपालिटीची नोकरी तरी पदरात पडली असती. पण ज्यांच्यासाठी राहायची सोय नव्हती त्यांच्यासाठी धर्मशाळा बांधत फिरले आणि स्वतःच्या घरच्यांना तिथली मऊ गादी मिळू दिली नाही. आज या सगळ्यांच्या पुण्यतिथ्या आपण जोरात करतो, फलक लावतो, फलकावर त्यांच्यापेक्षा आपला फोटो मोठा ठेवतो. हे बरोबरच आहे. त्यांच्या वाटेने जाण्यापेक्षा त्यांच्या नावाने जाणं कितीतरी सुखाचं.

कीर्तन संपताना आपण सगळे उभे राहून, टाळ्या वाजवत, मुक्ती नको, धन नको, संपदा नको असं देवाला गळा काढून सांगतो. गायला हरकत नाही, चाल गोड आहे. फक्त गाताना मनातल्या मनात ‘तूर्त’ हा शब्द घालत चला. ऐकणाऱ्याने ते खरं मानलं तर गृहकर्जाचे हप्ते कोण भरणार?

एवढी खबरदारी घेऊनही कधीतरी गाठ पडतेच. आडवार असतो, दुपारची वेळ, पुजारी जेवायला गेलेले, रांग नाही, ढकलणारं कुणी नाही. आपण सहज आत जातो आणि समोर उभे राहिल्यावर ध्यानात येतं की आज आपल्याला काहीच मागायचं नाहीये. असं झालं तर गडबडून जाऊ नका. डोळे मिटू नका, पटकन काहीतरी मागून टाका. स्वतःचं आठवत नसेल तर पुतण्याची सीईटी सांगा. त्याचा सीट नंबर व्हॉट्सॲपवर कुठेतरी असेल, तो शोधण्यात पाच-सात मिनिटं सहज जातात. तोपर्यंत पुजारी हात धुऊन येतात.